ओव्हिएदोकरांस खुले पत्र: आमचा सांती तुमच्याकडे आहे, म्हणून

प्रिय ओव्हिएदोकर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुमच्यापैकी एकालाही ते वाचता येणार नाही, याची मला कल्पना आहे. वाचतील ते माझ्यासारखेच, शनिवारी रात्री बारानंतर मोबाइलचा उजेड पांघरुणात लपवून बसणारे आणि रविवारी सकाळी घरच्यांची बोलणी खाणारे. तरी पाकिटावर पत्ता तुमचाच घालतोय: कार्लोस तार्तिएरे स्टेडियम, ओव्हिएदो, अस्तुरियास, स्पेन. कारण ज्या माणसाबद्दल लिहायचंय तो फुटबॉलपटू, सांती काथोर्ला, सध्या तुमच्याकडे मुक्कामाला आहे.

मुक्कामाला म्हटलं ते चुकलंच. सांती तुमचाच. लुगो दे यानेरा हे त्याचं गाव तुमच्या शहराच्या अगदी शेजारचं, आणि तो लहानाचा मोठा झाला तो तुमच्याच रियल ओव्हिएदो क्लबच्या मुलांच्या संघात. मुक्काम केला तो आमच्याकडे, लंडनला, आर्सेनल क्लबमध्ये. २०१२ ते २०१८. त्यातली शेवटची पावणेदोन वर्षं तो एकही सामना खेळू शकला नाही. जे काही खेळला ते सव्वाचार वर्षांत, मधल्या दुखापती धरून. तेवढ्यावर आम्ही अजून जगतोय.

आधी नावाचं मिटवून टाकतो. तुम्ही काथोर्ला म्हणता. आम्ही इंग्रजी समालोचन ऐकून कझोर्ला म्हणायला शिकलो. कोल्हापुरात माझे काका ‘काजरोळकर’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं की कुणीतरी मालवणकडचा पोरगा तिकडे चमकतोय. मी या पत्रात सांतीच म्हणतो.

या काकांचा आणि सांतीचा एक जुना हिशेब आहे. त्यावर येतोच, पण आधी काकांची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर हा माणूस कोण आणि त्याला फुटबॉलमधलं काय कळतं असं तुम्हाला वाटेल. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा असतो. जिथं कुस्ती चालायची त्याच तालमींनी संघ काढले: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. दगडी पायऱ्यांवर बसून लोक उन्हात भाजत सामना बघतात आणि रेफ्रीच्या सात पिढ्यांची विचारपूस करतात. काका त्या पायऱ्यांवर पन्नास वर्षं बसले आहेत. टीव्हीवरचा फुटबॉल त्यांना फारसा पटत नाही. ‘ह्यांच्यात आरडाओरडा ऐकू येतो, पर कोण कुणाला वरडतंय ते कळत न्हाई,’ असं त्यांचं म्हणणं.

तुमच्या क्लबची २००३ची हकीकत मी वाचली तेव्हा मला त्या पायऱ्याच आठवल्या. संघ मैदानावर हरून खाली गेलाच होता, वर खेळाडूंचे पगार थकले म्हणून आणखी एक पायरी खाली, थेट चौथ्या स्तरावर ढकलला गेला. दुसरा एखादा क्लब असता तर तिथंच बोर्ड उतरला असता. तुम्ही मात्र चौथ्या स्तरावरच्या सामन्यांनाही स्टेडियममध्ये येत राहिलात. सांती तेव्हा अठरा वर्षांचा. घरच्या संघाकडून पहिला सामना खेळायचं स्वप्न बघणाऱ्या पोराला त्या वर्षी बॅग भरून व्हियारेआल या दुसऱ्या क्लबात जावं लागलं. मग २०१२च्या नोव्हेंबरात क्लब पुन्हा बुडायला आला आणि तुम्ही शेअर विकायला काढले, १०.७५ युरोला एक. आपल्या गणपतीच्या वर्गणीसारखंच, फक्त पावतीपुस्तक जगभर फिरलं. कुठल्या कुठल्या देशांतल्या, ओव्हिएदो नकाशात कुठं आहे हेही ठाऊक नसलेल्या लोकांनी शेअर घेतले. स्वान्सीचा मिचू, चेल्सीचा माता आणि आमचा सांती, तिघंही तुमच्याकडची पोरं, त्यांनीही पैसे घातले. शेवटी मेक्सिकोचे अब्जाधीश कार्लोस स्लिम आले आणि क्लब तरला.

माझ्याकडे त्यातला एकही शेअर नाही. तेव्हा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे वडापावाचे पैसे नसायचे, युरो कुठले.

तर, आमच्याकडे तो आला तो ऑगस्ट २०१२मध्ये. मालागा क्लब पैशाच्या अडचणीत होता म्हणून मिळाला. त्याच महिन्यात आमचा कर्णधार रॉबिन व्हान पर्सी मँचेस्टर युनायटेडला गेला होता आणि आम्ही सुतकात होतो. साडेपाच फुटी हसऱ्या माणसाचा एकोणीस नंबरचा शर्ट बघून माझा रूममेट म्हणाला होता, ‘हा काय शाळेच्या सहलीला आलाय का?’ तिसऱ्याच लीग सामन्यात, ॲनफिल्डवर, त्या सहलीवाल्यानं गोल केला. डिसेंबरात रेडिंगविरुद्ध तीन केले. वर्षाअखेरीस चाहत्यांनी त्याला मोसमातला सर्वोत्तम खेळाडू निवडलं. रूममेटनं माफी मागितली नाही. पण त्यानं पर्सीचं पोस्टर काढून त्याचा उपयोग कपाटाच्या फळीवर अंथरायला केला.

१७ मे २०१४ या तारखेबद्दल जरा सविस्तर सांगायला पाहिजे.

आदल्या दिवशी, १६ मेला, आमच्याकडे लोकसभेचे निकाल लागले होते. पुण्यात रात्रभर फटाके वाजले. आमच्या खोलीत मात्र चर्चा एकच: इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेची फायनल, हल सिटीविरुद्ध. नऊ वर्षं आम्ही काहीही जिंकलं नव्हतं. त्या मोसमात तर मँचेस्टर सिटीकडून ६-३, लिव्हरपूलकडून ५-१ आणि आमचे प्रशिक्षक व्हेंगर साहेबांच्या हजाराव्या सामन्यात चेल्सीकडून ६-० असा मार खाल्ला होता. सेमी फायनललाही विगनविरुद्ध पेनल्टींवर कसेबसे सुटलो. ती शेवटची, सोडवणारी पेनल्टी सांतीनंच मारली होती. आता फायनलला समोर हल, म्हणजे जिंकलो तर ‘त्यात काय’ आणि हरलो तर गावभर छी-थू.

साडेनऊला सामना सुरू झाला. लॅपटॉप उलट्या बादलीवर, त्यावर सहा डोकी. पहिल्या दहा मिनिटांतच हलचे दोन गोल. थोड्या वेळानं तिसराही झालाच होता, पण किअरन गिब्जनं गोलरेषेवरून डोक्यानं काढला. खोलीत कुणी बोलेना. एकानं उठून चहाचं आधण ठेवलं, ते गॅस न पेटवताच. मी हे डोळ्यांनी बघितलं. पातेल्यात पाणी, पाण्यात साखर, आणि तो त्याच्याकडे बघत उभा.

सतराव्या मिनिटाला फ्री किक मिळाली. बरीच लांब होती. सांतीनं चेंडू ठेवला, दोनदा फिरवून ठेवला, तीन-चार पावलं मागं गेला. चेहरा असा, की समोरच्या दुकानातून सुटे आणायला निघालाय. उजव्या पायानं मारलेला तो चेंडू भिंतीवरून उचलला गेला आणि वरच्या कोपऱ्यात गेला. गोलकीपरचा हात लागला, पण चेंडू थांबला नाही. सांती उड्याबिड्या मारायच्या भानगडीत पडला नाही. मधल्या वर्तुळाकडे परत पळाला, म्हणजे चला, वेळ घालवू नका, अजून एक पाहिजे.

पुढचं इतिहासात आहे. कोसिएल्नीनं बरोबरी केली, जादा वेळेत रॅम्झीनं तिसरा मारला. त्या गोलला आमच्यातल्या एकानं निकालाच्या रात्रीची उरलेली एक माळ गॅलरीत लावली. बारा वाजत आले होते. घरमालक काका बनियनवर वर आले आणि विचारते झाले, ‘आता कोण निवडून आलं?’ सगळ्यांना रॅम्झी आठवतो, आठवायलाच पाहिजे. पण त्या खोलीतल्या सहाजणांना विचारा, सामना कधी जिंकलो. सतराव्या मिनिटाला, असंच सांगतील.

आता काकांचा हिशेब.

जानेवारी २०१५मध्ये काका गुडघा दाखवायला पुण्याला आले आणि माझ्याकडे उतरले. १८ तारखेला, रविवारी रात्री, मँचेस्टर सिटीच्या मैदानावर आमचा सामना. सिटी गतविजेते. आम्ही अशा मैदानांवर जाऊन काय दिवे लावायचो ते वर सांगितलंच. त्या दिवसांत आर्टेटा जायबंदी होता म्हणून व्हेंगरनी सांतीला मागं ओढून मधल्या फळीच्या बुडाशी लावला होता. शेजारी फ्रान्सिस कोकलाँ, जो महिन्यापूर्वीपर्यंत चार्लटनकडे उसना दिलेला. म्हणजे चेंडू हिसकावणारा एक आणि तो घेऊन बाहेर पडणारा एक. कागदावर ही जोडी बघून मी हाय खाल्ली होती. साडेपाच फुटांचा माणूस याया तूरेच्या क्लबात, गोलाकडं पाठ करून चेंडू घेणार, आणि अंगावर फर्नांदो आणि फर्नांदिन्यो.

काका गुडघ्याला पट्टा बांधून खुर्चीत बसले होते. पहिली दहा मिनिटं गप्प. मग सांतीनं आपल्याच पेनल्टी भागासमोर चेंडू घेतला. मागून एकजण धावला, समोरून एकजण. सांतीनं खांदा डावीकडे टाकला, चेंडू उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूनं हळूच ओढला, स्वतःभोवती अर्धी गिरकी घेतली, आणि ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तो मोकळ्या जागेत. मग डाव्या पायानं तीस यार्डांचा पास, थेट धावत्या माणसाच्या पायात.

काका पुढं सरकले. ‘ह्यो डावरा हाय का उजवा?’

मी म्हटलं, ‘उजवा. फ्री किक उजव्यानं मारतो.’

‘न्हाय लेका. डावरा हाय. चेंडू लांब टाकायचा म्हटलं की अंग आपोआप डाव्यावर जातंय. बघ तू.’

तेवढ्यात आम्हाला कॉर्नर मिळाला. सांतीनं तो एका पायानं मारला. काही वेळानं दुसऱ्या बाजूनं कॉर्नर मिळाला, तो दुसऱ्या पायानं. काकांनी चष्मा काढून पुसला. पन्नास वर्षांत शाहू स्टेडियमवर दोन्ही पायांचे खेळाडू त्यांनी बघितले नव्हते असं नाही, पण एक पाय खरा असतो आणि दुसरा शिकवलेला, आणि तो शिकवलेला पाय जाणत्याला कळतोच, असा त्यांचा आयुष्यभराचा सिद्धांत. इथं कळेना. तेव्हा पैज लागली. एक मिसळ, कट वेगळा. सामना आम्ही २-० जिंकलो: पेनल्टी सांतीची, दुसरा गोल त्याच्याच फ्री किकवर जिरूनं डोक्यानं मारलेला. पण त्या रात्री झोपताना काका निकालाबद्दल बोलत नव्हते. ‘उजव्यानं थांबवतंय, डाव्यानं सोडतंय... न्हाई, तसंबी न्हाई,’ असं अंधारात चाललं होतं.

ती मिसळ अजून कुणीच दिलेली नाही.

सांतीचा हिशेब आकड्यांत मांडायला गेलं की फजिती होते, म्हणून हे सगळं सांगितलं. आर्सेनलसाठी १८० सामने, २९ गोल. हल्ली आमच्यात आलेली नवी पोरं हे बघतात आणि म्हणतात, ठीक होता. त्यांना कसं सांगायचं, की तो असला की संघातल्या बाकीच्यांचे खांदे खाली यायचे, श्वास लागायचा, चेंडू कुणाला द्यायचा हा प्रश्नच मिटायचा. त्यापेक्षा तो नसताना काय झालं तेच सांगतो. तो २०१६च्या ऑक्टोबरात जायबंदी झाला आणि त्याच मोसमात व्हेंगरच्या कारकिर्दीत पहिल्यांदा आम्ही पहिल्या चारांतून बाहेर फेकलो गेलो. सगळं त्याच्यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही, चुका बऱ्याच जणांच्या होत्या. पण चेंडू मागून पुढं नेणारा माणूस आम्हाला पुढं कितीतरी वर्षं सापडला नाही हे खरं. ‘सांती असता तर’ हे वाक्य आमच्या ग्रुपवर इतकं आलं की शेवटी ॲडमिननं त्यावर बंदी घातली.

१९ ऑक्टोबर २०१६, लुडोगोरेट्सविरुद्ध, घरच्या मैदानावर ६-०. आमच्याकडे तारीख बदलून २० झाली होती. ओझिलनं तीन मारले म्हणून तो सामना सगळ्यांच्या लक्षात आहे. दुसऱ्या अर्धात सांती बाहेर गेला. मी त्या वेळी दुसऱ्या दिवशीच्या ऑफिसचा गजर लावत होतो, तो बाहेर जाताना मी बघितलंच नाही. कशाला बघू? पुढच्या आठवड्यात परत येणारच होता.

तो आमच्यासाठी परत कधीच खेळला नाही.

घोट्याचं दुखणं जुनं होतं, २०१३मधल्या चिलीविरुद्धच्या सामन्यापासूनचं. ऑपरेशन झालं, जखम भरेना, पुन्हा ऑपरेशन, पुन्हा उघडली. जंतूंचा संसर्ग झाला होता. शेवटी स्पेनमध्ये, व्हितोरियाच्या डॉक्टरांनी पाय उघडला तेव्हा टाचेमागच्या जाड शिरेचा, म्हणजे अकिलीस टेंडनचा, आठ सेंटीमीटर भाग जंतूंनी खाल्लेला. आठ सेंटीमीटर म्हणजे किती ते मी पट्टी घेऊन स्वतःच्या पायावर मोजलं होतं. मोजू नका. आधी डॉक्टर त्याला म्हणाले होते, मुलाबरोबर बागेत चालता आलं तरी समाधान मानावं. घोट्यावर कातडी उरली नव्हती म्हणून डाव्या हाताची कातडी काढून तिथं लावली. त्या हातावर मुलीचं नाव गोंदलेलं होतं. त्यामुळं नावाची काही अक्षरं हातावर राहिली आणि काही घोट्यावर गेली.

मुलीचं नाव इंडिया.

२०१७च्या नोव्हेंबरात स्पेनच्या ‘मार्का’ या क्रीडा दैनिकानं पहिल्या पानावर तो पाय छापला. मी लोकलमध्ये होतो, ठाण्याच्या पुढं. फोटो उघडला आणि शेजारच्या माणसानं मान वळवली, त्यानंही बघितलं आणि विचारलं, ‘अपघात का?’ मी म्हटलं, फुटबॉल. त्यानं परत बघितलं. ‘आणि हे इंडिया लिहिलंय काय?’ मग मला दिवा ते डोंबिवली सगळी गोष्ट सांगावी लागली. उतरताना तो म्हणाला, ‘देव करो आणि चालायला लागो.’ आमच्या देशाशी त्या नावाचा काही संबंध असेल असं मला वाटत नाही, आणि असा संबंध जोडून छाती फुगवणाऱ्या आमच्यातल्या काहींचा मला रागही येतो. पण त्या दिवशी डब्यात एका अनोळखी माणसानं ज्याचं नावही त्याला घेता येत नव्हतं त्याच्यासाठी देवाचं नाव घेतलं, ते मात्र त्या अक्षरांमुळं.

आर्सेनलनं त्याला वाऱ्यावर सोडलं असं कुणी म्हणू नये. तो अंथरुणावर असताना क्लबनं त्याचा करार एक वर्षानं वाढवला होता. पण मे २०१८मध्ये करार संपला आणि एक निवेदन आलं. व्हेंगर साहेबांना निरोप मिळाला, मैदानाला फेरी मिळाली, भाषण मिळालं. अंगात शर्ट, पायात बूट आणि समोर भरलेलं मैदान, असा निरोप सांतीला मिळायचं काही कारणच उरलं नव्हतं, कारण बूट घालता येतील की नाही हेच ठरलं नव्हतं.

मग तो व्हियारेआलला गेला. आधी नुसता सराव करायला, चाचणीवर आलेल्या पोरासारखा. मग करार. त्यांनी तो जाहीर केला तो चक्क जादूगाराकडून: रिकाम्या नळकांड्यात धूर, आणि धुरातून सांती. जानेवारी २०१९मध्ये रियल माद्रिदविरुद्ध दोन गोल, त्यातला दुसरा डोक्यानं. साडेपाच फुटी माणसाचा हेडर! काकांना फोन केला तर म्हणाले, ‘डोस्कं पैजेत न्हाई.’ त्या उन्हाळ्यात तो स्पेनच्या संघात परत आला, पुढच्या मोसमात लीगमध्ये अकरा गोल केले, आणि २०२०मध्ये तिथूनही निघाला. तेव्हा करोना होता. स्टेडियम रिकामी. म्हणजे व्हियारेआलवाल्यांचाही शेवटचा सामना बिनटाळ्यांचाच गेला.

पुढं कतारमध्ये झावीच्या अल सादकडे. ती वर्षं आम्ही फारशी बघितली नाहीत, खोटं कशाला बोलू.

आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये तो तुमच्याकडे आला. अडतिसाव्या वर्षी, दुसऱ्या स्तरावर, नियमानं देता येईल त्या किमान पगारावर. फुकटच खेळलो असतो, म्हणाला, पण तसं करता येत नाही. वर अट घातली, की त्याच्या नावाचे जे शर्ट विकले जातील त्यातले दहा टक्के क्लबच्या पोरांच्या अकादमीला द्यायचे. म्हातारपणी गावी परत येऊन घर बांधणारे आमच्याकडे पुष्कळ. परत येऊन गावच्या शाळेत मास्तर होणारा विरळा.

२०२४मध्ये तुम्ही पहिल्या स्तरावर चढायच्या शेवटच्या पायरीवर एस्पान्योलकडून हरलात. सांती रडला ते मी बघितलं आणि मनात म्हटलं, संपलं. एकोणचाळीस वर्षांचा पाय आणि तोही जोडलेला, अजून किती?

२१ जून २०२५. आमच्याकडे बावीस लागली होती, बाहेर धो धो पाऊस, आणि दोनदा वीज गेली. वर चढायच्या दोन सामन्यांच्या अंतिम लढतीतला पहिला सामना मिरांदेसकडून १-० हरून तुम्ही घरी आला होतात. त्यात त्यांनी अजून एक मारला, म्हणजे दोननं मागं. मोबाइलवर नुसते आकडे बदलत होते. मला २०१४ची ती खोली आठवली, ते बिनगॅसचं आधण. एकोणचाळीसाव्या मिनिटाला आकड्याशेजारी नाव आलं: कझोर्ला, पेनल्टी. मी एकटाच होतो, ओरडता येत नव्हतं, आतल्या खोलीत पोरगी झोपलेली. उशीत तोंड घालून ओरडलो. मग दुसऱ्या अर्धात चैरा, जादा वेळेत पोर्तियो. ३-१. चोवीस वर्षांनी तुम्ही पहिल्या स्तरावर.

अडीचच्या पुढं केव्हातरी काकांचा फोन. पंचाहत्तरीचा माणूस, कोल्हापुरात पावसाच्या रात्री जागा होता. नातवाला मोबाइल बघायला लावून बसला होता.

‘काजरोळकरनं मारली न्हवं?’

‘मारली.’

‘कुठल्या पायानं?’

मी म्हटलं, काका, मी आकडे बघत होतो, पाय दिसला नाही. थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे. पेनल्टी तशीबी धरायची न्हाई. उभ्या चेंडूला काय, कुणीबी मारतंय.’

म्हणून हे पत्र, ओव्हिएदोकर.

पुढं किती खेळायचं ते तो आणि त्याचा घोटा ठरवतील. पण कधीतरी तुमच्याच मैदानावर त्याचा शेवटचा सामना होईल, आणि तो होतोय हे आधीपासून ठाऊक असेल. ते आम्हाला मिळालं नाही. आम्ही गजर लावत होतो. तुम्ही त्या दिवशी निळ्या मफलरी घेऊन लवकर या. आमच्यापैकी कुणी व्हिसा-तिकिटाची जुळवाजुळव करून तिथं पोचला, तर त्याला तुमच्यात बसू द्या. लाल शर्ट घालून आला तरी हाकलू नका. सांती बाहेर जायला लागला की घाई करू नका, त्याला सावकाश चालू द्या. चालणंसुद्धा त्यानं परत शिकलंय.

आणि एक वैयक्तिक विनंती, तुमच्या प्रशिक्षकांपर्यंत पोचवली तर उपकार होतील. त्या दिवशी त्याला दोन कॉर्नर मारायला मिळतील असं काहीतरी बघा. एक डाव्या बाजूनं, एक उजव्या. कॅमेरा पायांवर ठेवा. कोल्हापुरात एक मिसळ दहा वर्षं थांबली आहे.

तुमचा,
एक आर्सेनलवाला
मूळ कोल्हापूर, सध्या डोंबिवली